गावाच्या रांगेतल्या दोन खुर्च्या

उलव्याच्या खाडीकडल्या अंगाला ते मोठं स्टेडियम उभं राहिलं, तेव्हा ज्यांची भातशेतं आणि मिठागरं त्याच्या पोटात गेली त्या घरांना भूखंडासोबत आणखी एक गोष्ट मिळाली. घरटी दोन खुर्च्या, कायमच्या. सामना असो, गाण्याचा कार्यक्रम असो, नाहीतर एखाद्या महाराजांचं प्रवचन, पूर्वेकडच्या कोपऱ्यातल्या रांगा गावाच्या. ही कल्पना कुठल्या साहेबाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे, पण गाव तिच्यावर पोट धरून हसलं. जमीन घेतली आणि बसायला खुर्ची दिली, असं बायका नळावर एकमेकींना सांगायच्या.

हे हसणं हिराजी घरतने थांबवलं. तो गावच्या समितीवर होता आणि साहेबलोकांच्या ऑफिसात जायचं काम गावाने त्याच्या गळ्यात मारलं होतं. एक दिवस तो स्टेडियमच्या ऑफिसातून आला आणि देवळासमोर सगळ्यांना नियम ऐकवला. लागोपाठ तीन कार्यक्रमांना खुर्ची रिकामी दिसली, की ती काढून घेणार. पास नवरा-बायकोच्या नावाने निघालेत, तेव्हा बसायचंही त्यांनीच. अगदीच अडलं तर घरातलं दुसरं माणूस चालेल. गेलेल्या जमिनीतलं आता एवढंच उरलेलं, ते कोण सोडणार? पुन्हा ऑफिसात जाऊन खातरजमा करावी असं कुणाच्या मनातही आलं नाही.

तेव्हापासून गावाने काय काय बसून पाहिलं त्याला सुमार नाही. फुटबॉलची लीग पाहिली, रग्बी पाहिलं, शाळांच्या कवायती पाहिल्या, पोलीस भरतीची पोरं धापा टाकत धावताना पाहिली. निवडणुकीच्या सभेला ज्यांना मत द्यायचं नव्हतं त्यांचंही भाषण ऐकलं. करोनाची लस तिथेच दिली जायची, तर काही म्हाताऱ्यांनी आपल्याच खुर्चीत बसून टोचून घेऊ म्हणून नर्सबाईंना पायऱ्या चढायला लावलं. एकदा परदेशातला बँड आला. पोरं मैदानात अंगात आल्यासारखी घुमत होती, आणि वर कोपऱ्यात काष्ट्याच्या लुगड्यातल्या सगळ्या जणी कानात कापसाचे बोळे घालून नवऱ्यांच्या शेजारी बसून होत्या. शेवटचं गाणं संपेपर्यंत एकही उठली नाही.

हिराजीची बायको बयाबाई कडेच्या खुर्चीवर बसायची. लग्नात ती त्याच्या शेजारी पाटावर बसली, त्यानंतर शेजारी बसायचा योग आला तो थेट स्टेडियमातच. बाजाराला निघाले तरी हिराजी पुढे आणि ही मागे, इतकी मागे की दोघं एकाच घरची आहेत हे अनोळखी माणसाला सांगावं लागायचं. गावात जोडीने हिंडणाऱ्याची धडगत नव्हती. एका नव्या लग्नाच्या पोराने बायकोला पनवेलला सिनेमा दाखवला, तर त्याला नातवंडं झाली तरी लोक 'हिरो' म्हणूनच हाक मारत होते. स्टेडियममध्ये जोडीने बसलं तर मात्र कुणाची हसायची टाप नव्हती, कारण नियमच तसा होता.

हिराजी शेंगा सोलून तिच्या हातावर ठेवायचा आणि खेळ समजावून सांगायचा. त्याला कुठल्याही खेळातलं फारसं कळायचं नाही, पण सांगायचा असा की पंचाने येऊन विचारून जावं. रग्बीत चेंडू हाताने पुढे टाकायचा नाही, मागच्यालाच द्यायचा, असं त्याने सांगितलं तेव्हा बयाबाईने त्याला वेड्यात काढलं. पुढे जायचं आणि चेंडू मागे द्यायचा, हा कुठला खेळ? तो नियम खरा निघाला. त्यानंतर तिने त्याच्या शब्दावर शंका घ्यायचं सोडून दिलं.

माघात हिराजी गेला. साधा ताप म्हणता म्हणता चार दिवसांत सगळं आटोपलं. त्याच्या सुतकात एक फुटबॉलचा सामना होऊन गेला, नंतर गाण्याचा एक कार्यक्रम. दोन्ही वेळा खुर्च्या रिकाम्या राहिल्या. आता शनिवारी रग्बीचा अंतिम सामना होता. बयाबाई स्वतः जाऊन स्वतःची खुर्ची राखणार होती, पण शेजारच्या खुर्चीचं काय?

"तू चल माज्यासंगती," ती आकाशला म्हणाली. आकाश तिचा मुलगा, राजश्री सून.

"आई, मला शिफ्ट आहे. जासईला कंटेनर यार्डात गाड्यांची लाईन लागलीय. राजश्रीला पण सुट्टी नाय शनिवारी." आकाशने भाकरी मोडली. "आणि तू कशाला टेन्शन घेते? गेली तर गेली. प्लास्टिकची खुर्ची ती."

"तुज्या बापाची हाय ती."

आकाशलाही वाईट वाटलं होतं, पण शिफ्ट बदलून मिळत नव्हती.

शनिवारी दुपारी बयाबाईने कपाट उघडून हिराजीचा लाल पंचा काढला. एसटीत खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली, मग कितीही गर्दी येवो, भला माणूस त्या रुमालाला हात लावत नाही. आपल्याकडे कोर्टाच्या निकालापेक्षा या रुमालाला मान जास्त. मग स्टेडियमात का चालू नये? तरीही रात्रभर विचार करून तिने ठरवलं होतं की लपूनछपून काही करायचं नाही, साहेबांना आधी विचारायचं. हिराजी गेला म्हणून घरताचं घर लबाडी करायला लागलं, असं कुणी म्हणायला नको.

व्यवस्थापक प्रसाद गेटपाशीच उभे होते. स्टेडियम उघडलं तेव्हापासून ते तिथे होते. तेव्हा तरुण होते, आता केस पिकले होते. बयाबाईला पाहून ते पुढे आले आणि हिराजीकाकांचं कळलं, फार वाईट झालं, असं म्हणाले.

"सायेब, एक विचारायचा होता," बयाबाईने पिशवीतून पंचा काढला. "आमचं दोन कारेक्रम चुकलं. आज तिसरा. मी बसतंय माज्या खुर्चीवं. त्यांच्या खुर्चीवं हा पंचा टाकला तं चालंल का? पोराला शिफ्ट हाय. फुडल्या येलेला तो येल, मी आनीन त्याला."

"चालेल की. पण कशासाठी?"

"खुर्ची जाऊ नाय म्हनून."

"खुर्ची कुठे जाणार?"

"तीनदा रिकामी ऱ्हायली की काढतात ना तुमी?"

प्रसादना आधी काही उमगेना. मग त्यांना जुनी गोष्ट आठवली, आणि ते तिला सावलीत घेऊन गेले, बसायला लावलं, स्वतः समोर बसले.

"मावशी, असा नियमच नाही. कधीच नव्हता. स्टेडियम आहे तोवर खुर्च्या तुमच्या. बसा, नका बसू."

"ते सोता इचारून आलते तुमाला."

"आले होते ना. मी हेच सांगितलं. काकांनी चहा संपवला. मग हळूच म्हणाले, साहेब, रिकामी राहिली तर जाते असं मी गावात सांगितलं तर चालेल का? मी विचारलं, का हो? तर म्हणाले, नाहीतर बायकोला घेऊन कसा येऊ? लोक हसतील. आणि तीसुद्धा यायची नाही. मी हसलो आणि म्हटलं, सांगा. माझं काय जातंय. पण तुम्ही सगळे इतकी वर्षं खरंच एकही कार्यक्रम चुकवणार नाही, हे मला काय माहीत."

बयाबाईला आधी राग आला. केवढा आला म्हणून सांगावं. कंबर धरलेली असताना तिने पायऱ्या चढल्या होत्या. बँडच्या दणक्याने तिचं डोकं तीन दिवस ठणकत होतं. सगळ्या गावाला या माणसाने आपल्या एका हौसेपायी नाचवलं, आणि मरेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढलं नाही. घरी चार माणसांत तर तो तिला धड हाकही मारत नसे, "ऐकलं का" एवढंच. आणि मनात हे होतं.

"लबाड मानूस," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. हिराजी गेल्यावर बायकांच्या गराड्यात ती रीतीप्रमाणे रडली होती. आजचं रडणं निराळं होतं. तिला तो हवा होता, शेजारी, शेंगा सोलत, खेळाचे चुकीचे नियम सांगत. प्रसादनी पाण्याची बाटली आणून दिली आणि ते जरा लांब जाऊन उभे राहिले.

ती वर रांगेत पोचली तेव्हा खेळाडू मैदानात उतरत होते. जोडपी येऊन बसली होती. शेजारची पद्मी मात्र एकटीच होती, तोंड वाकडं करून.

"भावजी कुठं?" बयाबाईने विचारलं.

"घरी. बोलतात, दोनदा चुकलं तरी चालतं, तिसऱ्याला येन. पत्त्यांचा डाव मांडलाय. तू एकटी जा बोलले." पद्मीने शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "इथं येऊन एकटीनं काय करायचं गो?"

बयाबाईने तिच्याकडे पाहिलं, मग सगळ्या रांगेवर नजर फिरवली. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. नियम नाही म्हटल्यावर पुढच्या सामन्याला पत्त्यांचे किती डाव मांडले जातील हे तिला दिसत होतं.

"फोन लाव त्यांना," ती म्हणाली, आणि पद्मीने लावलेला फोन तिने आपल्या हातात घेतला. "भावजी, बया बोलतंय. सायबाशी आताच बोलून आलंय मी. नियम कडक झालाय. आता एकदा जरी खुर्ची रिकामी दिसली, तरी गेली."

पलीकडून कुरकुर ऐकू आली.

"आनि नवरा-बायकोनं शेजारी शेजारीच बसायचा. तपासतात."

फोनवर पत्ते गोळा केल्याचा आवाज आला. मग भावजींनी विचारलं, सामना सुरू व्हायला अजून किती वेळ आहे.