ओठ दोनदा मिटले

आत्याची नजर भलती तिखट. समोरच्याच्या ओठांचा कोपरा जरा हलला की हिला त्याच्या पोटातलं कळायचं. खालचा ओठ दातांनी दाबला की खोटं, दोन्ही आत ओढले की गिळलेला राग. घरातली माणसं तिच्यासमोर घास चावायलासुद्धा बिचकायची.

घशाच्या ऑपरेशनमध्ये धाकट्या भावाचा आवाज गेला आणि आत्याचं राज्य सुरू झालं. तो नुसते ओठ हलवायचा, अर्थ ती सांगायची. "उशी हवीय." "खिडकी लाव म्हणतोय." कधी तो जोरजोरात मान हलवायचा, तरी खिडकी लागायचीच. वर्षभर तिने त्याचं सगळं केलं, हेही खरं. पण वर्षभरात त्याच्या ओठांवर 'ताई' एकदाही आलं नाही, आणि ते तिला फार लागलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा त्याची मुलगी आली. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून त्यानेच तिला घराबाहेर काढलं होतं. पलंगाशी वाकून ती म्हणाली, "बाबा, अजून रागावलाय? एकदा हाक मारा ना."

त्याने डोळे उघडले. ओठ मिटले, सुटले, पुन्हा मिटले, सुटले, आणि जीभ टाळ्याला लागली. बबडी. लहानपणापासून तो तिला याच नावाने हाक मारायचा.

"आत्या, काय म्हणाले गं?"

आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला. हगणं-मुतणं मी काढायचं आणि हाक हिला!

"पाणी मागतोय," ती म्हणाली. "इथलं संपलंय. खालून आण."

पोरगी धावत सुटली. भावाने बहिणीकडे पाहिलं. ओठ पुन्हा दोनदा मिटले, मग उघडेच राहिले. आत्याने नर्सला हाक मारली नाही.

मुलगी बाटली घेऊन धापा टाकत परतली, तेव्हा नर्स त्याच्या तोंडावर चादर ओढत होती.

"पण आत्या," ती हुंदके देत म्हणाली, "ओठ दोनदा मिटले होते. पाणी म्हणताना एकदाच मिटतात ना? बबडी म्हणाले असतील का गं?"

आत्याने तिच्या थरथरत्या तोंडाकडे निरखून पाहिलं. ही पोरगी आता काहीही मानायला तयार आहे, हे तिला लगेच कळलं.

"पाणीच," ती म्हणाली. "तेही तुला वेळेवर आणता आलं नाही."