माझ्याकडे तर दिसतंय!

मी एक पत्ता बोलतोय. घराचा नव्हे, फाइलचा. आणि तोही पूर्ण पत्ता.

या घरची सून घरी बसून सॉफ्टवेअर तपासते. तिनं अहवालात पहिला तक्ता लावला आणि संगणकानं मला लिहून टाकलं: सी ड्राइव्ह, त्यात सुनेचं नाव, त्यात डेस्कटॉप, त्यात ‘फायनल’, त्यात ‘नक्की फायनल’ आणि मग कुठे तो तक्ता. अहवालात तक्त्याचं चित्र नव्हतंच, होतो फक्त मी, त्याचा पत्ता; बाकीच्या दहा तक्त्यांचंही तसंच. काही पत्ते नुसतंच ‘इथंच, शेजारच्या फोल्डरात’ म्हणतात. मला त्यांची कीव यायची. ना कूळ, ना मूळ!

सहा महिन्यांच्या उमेदवारीनंतरचा हा अहवाल. साहेबांना पटला, तर सून नोकरीत कायम होणार होती.

अहवाल कचेरीत गेला. साहेबांच्या संगणकावर मी ऐटीत सुनेच्या नावाची चौकशी केली. तिथं त्या नावाचं कुणीच नव्हतं! अकरा तक्त्यांच्या जागी अकरा रिकामे चौकोन.

फोन वाजला. “अहो, हे तक्ते आहेत की खिडक्या?”

“सर, माझ्याकडे तर दिसतंय!”

“मग आम्ही सगळे तुमच्या घरी येऊ का बघायला? पाचला मी वर कळवणार आहे.”

तिनं अहवाल पुन्हा पाठवला. पुन्हा चौकोन. तिसऱ्यांदा पाठवला, तो नुसता नाव बदलून. शिकलेली माणसं असं का करतात, देव जाणे.

सासूबाई जप आटोपून उठल्या. “काय गं, रडतेस कशाला?”

“आई, चित्रं इथं आहेत आणि ते तिथं शोधतायत.”

“मग बरोबर दे की. मी गावाला जाताना जपमाळ पिशवीत घेते. घरच्या कोनाड्याचा पत्ता घेऊन जाते का?”

सुनेनं डोळे पुसले. मग तिनं तक्त्यांचं फोल्डर अहवालाशेजारी ठेवलं, अकराही पत्ते छोटे, म्हणजे नुसतेच ‘शेजारच्या फोल्डरात’ असे केले आणि दोन्ही एकत्र बांधून पाठवलं. पाचला दहा मिनिटं होती. तिकडे तक्ते उघडले आणि संध्याकाळी ती कायम झाली.

मी अहवालाच्या जुन्या प्रतीत, या जुन्या संगणकावर राहिलो. इथं मी अजूनही तंतोतंत बरोबर आहे. फक्त विचारायला कुणी येत नाही. कायम झाल्याबद्दल सुनेला नवा संगणक मिळालाय. छोटे पत्ते सामानाबरोबर हसतखेळत तिकडे गेले. हा जुना उद्या पुसणार आहेत.

राग नाही. एवढंच मागणं आहे: लेकरांनो, अहवाल धाडण्याआधी एकदा दुसऱ्याच्या संगणकावर उघडून बघा. आणि माझ्या सुनेचं सगळं चांगलं होवो, मग ती कुठल्याही ड्राइव्हवर असो.