मधल्या नावाचं भाडं

अमेरिकेच्या वाळवंटातल्या चँडलरमध्ये जूनमध्ये कुठलीही बैठक सकाळी सातलाच उरकावी लागते. नंतर दाराची मूठ हातात धरवत नाही. म्हणून प्रितम इंगळे आपली आठ वर्षांची पोरगी, मैत्री, कायमची सोडून द्यायला सकाळी लवकर आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

बैठक राजारामकाकांच्या किचनमध्ये. काका रिटायर्ड इंजिनियर. उपासना-प्रितमचं लग्न बुद्धवंदना म्हणून त्यांनीच लावलं, घटस्फोटाआधी दोघांना झापलंही त्यांनीच. तेव्हा ह्या कागदावर साक्षीची सही त्यांचीच, हे दोघांनी न विचारताच ठरवून टाकलेलं.

कागद एकपानी. कोर्टाने ठरवलेले मैत्रीच्या खर्चाचे पैसे प्रितमने एकोणीस महिने दिले नव्हते. ते उपासनाने माफ करायचे. बदल्यात त्याने बाप म्हणून असलेले सगळे हक्क सोडायचे.

"जज हे मान्य करणार नाही," काका म्हणाले. "पैसे पोरीचे. माफ करणारी ही कोण?"

"जजचं नंतर बघू, काका. आधी आपल्यात ठरू द्या," प्रितम म्हणाला.

"बायको सोडलीस, जिम सोडलंस, आता पोरगी. बाबा, तू एखादी गोष्ट धरतोस कधी?"

उपासना हसली नाही. तिला ही सही हवी होती. एक तारखेला पैसे आले का म्हणून फोनकडे बघत बसणं, रविवारी खिडकीत वाट बघणाऱ्या मैत्रीला "डॅडला काम आलं" म्हणून सांगणं, सगळ्यातून एकदम सुटका. तिने पेन उचललं.

"एकच कंडिशन," प्रितम म्हणाला. "तिचं मधलं नाव माझंच राहील. गावाकडे बाबांना काय तोंड दाखवू यार?"

पेन थांबलं.

टेबलावर फोन स्पीकरवर होता. अकोल्याहून उपासनाची आई, गिरजाबाई, ऐकत होत्या. मैत्रीच्या नामकरणाला त्यांनी अशीच फोनवरून ओवी म्हटली होती:

मैत्रीच्या गं नावामधी, प्रितमची बसे जागा
जसा लुगड्याच्या काठी, जरीचा गं एक धागा

आता फोनमधून तोच सूर आला:

मैत्रीच्या गं नावामधी, प्रितमची बसे जागा
एकोणीस महिने भाडं न्हाई, आता तरी ऊठ की गा

काकांना चहाचा ठसका लागला.

"आई, हे सीरियस आहे," प्रितम म्हणाला.

"मग मी काय गंमत करतेय?"

उपासनाने कागद उलटा केला, मागे मोठ्या अक्षरांत लिहिलं : मैत्री प्रितम इंगळे. पेन त्याच्यापुढे सरकवलं.

"काट. मधलं नाव, स्वतःच्या हाताने. काटलंस तर मी आत्ता सही करते. नाही काटलंस, तर पैसे दर महिन्याला, आणि रविवारी तू स्वतः."

प्रितमने पेन टेकवलं. काट, उपासना मनात म्हणाली, एकदाचं काट. शाईचा ठिपका मुगाएवढा झाला, मग हरभऱ्याएवढा. रेघ काही निघेना.

मागच्या दारातून मैत्री आली. काकांच्या लिंबाला पाणी घालून पाय चिखलाने भरलेले.

"डॅड! आर यू स्टेइंग फॉर पोहे?"

प्रितमने कागदाची घडी केली. पेन खिशात घातलं.

"पेन माझं आहे," काका म्हणाले.

"काटलं का गं?" फोनमधून विचारणा झाली.

"नाही, आई." उपासनाने चार बश्या काढल्या, जरा आपटूनच. "पोह्यांना बसतोय."

"बसू दे. लिंबू पिळ. आधी पोह्यांवर."