श्श! लोड होतंय

मी एक जुनी कॅसेट आहे. नाही मित्रांनो, गाण्यांची नव्हे! मला टेपरेकॉर्डरवर लावलं की नुसती किंकाळी आणि कर्कश चिरचिर ऐकू येते. पण त्या चिरचिरीत एक अख्खी पाणबुडी दडलेली आहे बरं का! मी कॉम्प्युटरचा खेळ आहे.

चाळीसेक वर्षांपूर्वी चंदीगडच्या एका दुकानातून श्यामकांतरावांनी मला घरी आणलं. ते मूळचे साताऱ्याचे, इथल्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायचे. घरात नुकताच टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर आला होता. त्याच्यासाठी विकत घेतलेला पहिला खेळ म्हणजे मी! माझ्याआधी ते यंत्र नुसतं डोळे मिचकावत बसायचं. फुशारकी वाटेल, पण त्याला कामाला लावलं ते मीच.

टेपरेकॉर्डरची वायर कॉम्प्युटरला लावायची आणि खेळ त्यात लोड होऊन माझी चिरचिर संपेपर्यंत थांबायचं. मध्येच बिनसलं की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून श्यामकांतरावांनी घरात रिवाजच पाडला होता. मी सुरू झाले की कुणी बोलायचं नाही. भर मे महिन्यातही पंखा बंद! कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून त्यांच्या पत्नी शैलजाताई गॅस बंद करायच्या. त्यांची छोटी मुलगी कादंबरी दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला दटावायची, "श्श! लोड होतंय."

आता खरं सांगू? माझा आवाज वायरीतून जातो. शेजारी ढोल बडवला तरी मला काही फरक पडत नाही. शैलजाताई एकदा हसून म्हणाल्याही, "अहो, तुम्ही फिजिक्स शिकवता ना?"

"माहीत आहे गं," ते म्हणाले, "पण उगाच विषाची परीक्षा कशाला?"

गाण्यांच्या कॅसेटी लावून लोक खुशाल गप्पा मारतात. माझी किंकाळी मात्र सगळं घर श्वास रोखून ऐकायचं. काय माणसं होती ती! असा मान कुणाला मिळतो, तुम्हीच सांगा.

पुढे नवे कॉम्प्युटर आले आणि मी बिस्किटाच्या डब्यात गेले. तिथे बरीच वर्षं काढली. यंदा श्यामकांतराव आणि शैलजाताईंनी मोहालीच्या एयरोसिटी वसाहतीत लेकीकडे राहायला जायचं ठरवलं, तेव्हा कुठे डबा उघडला. कादंबरी आता तिथेच सॉफ्टवेअर कंपनीत आहे.

"बाबा, असले खेळ आता फोनवर फुकट मिळतात," ती म्हणाली. "ही कॅसेट आणि तो कॉम्प्युटर कबाडीला भंगारात देऊन टाकू."



"एकदा लावून बघू," श्यामकांतराव म्हणाले. "चालली तर बरोबर येईल. नाही चालली तर खुशाल दे."

"पक्का?"

"पक्का."

त्यांनी जुना टीव्ही मांडला, वायरी जोडल्या, मला लावलं. मी ओरडले, पण पडदा काळाच राहिला. कादंबरीची मुलगी मैत्रेयी म्हणाली, "आजोबा, ये तो सिर्फ शोर है!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. श्यामकांतरावांनी मात्र स्पिरिटचा बोळा घेऊन टेपरेकॉर्डरचं हेड, म्हणजे माझी फीत जिथे घासत जाते तो भाग, पुसलं. अगदी सावकाश, घाई नाही. मग मला पुन्हा लावलं.

कादंबरी फोनमध्ये कबाडीवाल्याचा नंबर शोधत होती. माझी चिरचिर सुरू झाली मात्र, ती उठली आणि तिने पंखा बंद केला. फोन तसाच हातात!

"आई, गॅस!" ती कुजबुजली.

शैलजाताईंनी तो आधीच बंद केला होता.

"मम्मा, क्या हुआ?" मैत्रेयीने विचारलं. कादंबरीने ओठांवर बोट ठेवलं.

"श्श! लोड होतंय."

मित्रांनो, मी जीव तोडून ओरडले! आणि पडद्यावर निळं पाणी आलं, पाण्यात माझी पाणबुडी आली. श्यामकांतराव लहान मुलासारखे टाळ्या पिटायला लागले. कादंबरीने मला सामानाच्या खोक्यात टाकलं नाही, स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं.

मला रोज लावा असा माझा हट्ट नाही. पण तुमच्याही घरात एखादा जुना डबा असेल. त्यातलं काही फेकण्याआधी जरा पुसून बघा, आणि मग घटकाभर पंखा बंद करून, गप्प बसून ऐका.