मीटर न लावलेली केबल

आठ वर्षांनी श्रीकांत नेपियर टाउनमधल्या त्या वायरलेसच्या दुकानाची पायरी चढला, आणि गल्ल्यावरच्या नीलकंठच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हाच तो हरामखोर! रांझीच्या एका खासगी कारखान्यात दोघं सोबत होते. श्रीकांतनं घाईघाईत चुकीचे कनेक्टर लावले, सगळा माल परत आला, तेव्हा यानं मालकापुढे बिनदिक्कत सांगितलं, "नीलकंठनं मुद्दाम बिघडवला." नीलकंठची नोकरी गेली.

"जुनं विसर यार," श्रीकांत म्हणाला. "पुरात बचावाला जाणाऱ्या नावांवरचे वायरलेस सेट विकून राहिलो मी. उद्या तिलवाऱ्याच्या घाटावर खरेदीच्या साहेबांना दाखवायचे आहेत. अँटेनाच्या केबलला अस्साच कनेक्टर लावून दे." त्यानं नमुना टेबलावर टाकला. वायफायच्या डब्याचा होता तो, मधोमध भोक असलेला. सेटच्या तोंडातही भोकच! म्हणजे केबलला पिनवाला हवा होता. भोकाला भोक लावलं की आटे घट्ट बसतात, पण आत तारेला तार शिवतच नाही.

"काहून पाहून राहिला? लाव ना लवकर."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. नीलकंठनं ते गिळलं. मीटर लावून दाखवल्याशिवाय तो कुणाला केबल देत नसे; आज मीटर खणातच राहिलं. भोकवाला कनेक्टर त्यानं अगदी निगुतीनं बसवला. होऊ दे लेकाची फजिती!

दुसऱ्या दिवशी तमाशा पाहायला तो स्वतः घाटावर गेला. नाव पार लांब गेली. श्रीकांतनं हॅलो हॅलो करून घसा कोरडा केला, सेट ढिम्म. साहेब हसले. आहाहा! इतकं बरं नीलकंठला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात श्रीकांतनं मागे उभ्या असलेल्या एका मुलीला पुढे ओढलं. "साहेब, ही प्रणोती, आमची नवी टेक्निशियन. केबल हिनंच केली." मग तो तिच्याकडे वळला. "उद्यापासून येऊ नको तू." मुलगी खाली मान घालून उभी राहिली. मालकापुढे नीलकंठही असाच उभा राहिला होता.

तो गर्दी सारत पुढे गेला. "हिचा काही दोष नाही, साहेब. केबल मी केली. चुकीची आहे हे ठाऊक होतं मला. मुद्दाम केली."

श्रीकांतचा चेहरा एकदम खुलला. "ऐकलं ना? हा माणूस पहिल्यापासून असाच आहे. म्हणून तर काढला होता याला!"

साहेब नीलकंठकडे पाहत राहिले, आणि तो जुना आळ खोटा आहे म्हणायला आता त्याला तोंड उरलं नव्हतं.