न्यालोंग्वेच्या कागदावरचा शिक्का

लाल फितीचा वीतभर तुकडा.

सुजलेल्या जबड्याभोवती बांधलेला पांढरा रुमाल.

मूल पाठीशी बांधायचं निळं कापड, धुऊन धुऊन राखाडी झालेलं.

सरोवरावर भोंगा देत दक्षिणेला निघालेली आगबोट.

केळीच्या पानात बांधलेले मूठभर सुके मासे. त्यांना कुणी हात लावला नाही.

मित्रांनो, या पाचही गोष्टी माझ्या टेबलासमोरून गेल्या. मी लोखंडाचा जुना शिक्का आहे. माझ्या जबड्यात पितळेच्या दोन चकत्या आहेत. मधे कागद धरून दांडा दाबला की कागदावर सिंह आणि मुकुट उठून दिसतात. शाई लागत नाही. आंधळ्यालाही बोटांनी मी वाचता येतो.

बर्मिंगहॅमच्या कारखान्यात मी घडलो. तिथलं मला फक्त तेल आठवतं. पुढचं सगळं आयुष्य आफ्रिकेतल्या न्यासा सरोवराच्या काठी, चिंतेवेच्या कचेरीत गेलं.

तिथून परदेशाच्या वकिलाती फार लांब होत्या. म्हणून सरकारनं जिल्ह्याच्या साहेबालाच वकिलातीचे आणि नोटरीचे अधिकार दिले होते. लोकांना शपथ द्यायची, सही खरी असल्याचं लिहून द्यायचं, परमुलखात मेलेल्या माणसाच्या वस्तू घरच्यांच्या हवाली करायच्या. ब्लेकीसाहेब सही करायचे, कारकून झेफानिया लाल फीत ओवायचा आणि शेवटी मी. लोक कागद तिरका धरून उजेडात माझा सिंह बघायचे आणि टाळ्या वाजवून आभार मानायचे. साहेबाचे नाही, माझे. मला वाटू लागलं, ताकद माझ्यातच आहे.

मग ब्लेकीसाहेबांची दाढ सुजली. रुमाल बांधून ते आगबोटीनं दक्षिणेच्या डॉक्टरकडे गेले. त्यांच्या खुर्चीत धाकटे साहेब बसले, विंटर्टन. वय चोवीस.

तिसऱ्या दिवशी न्यालोंग्वे आली. नात्यानं ती झेफानियाची आजी लागायची, आणि तिकडे आजी नातवाला चेष्टेनं नवराच म्हणते.

"अहो नवरोबा, खुर्ची मिळाली की बायको दिसेनाशी होते वाटतं?"

"दिसते की! पण साहेबासमोर संसार नको काढूस, आजी."

"संसारच काढायला आलेय," ती म्हणाली, आणि एकदम खाली बसली.

तिचा धाकटा मुलगा योतामू सुके मासे विकायला पलीकडच्या पोर्तुगीज मुलखात गेला होता. मळ्यावरून पळालेला मजूर समजून तिथं त्याला धरलं. आता तो बंदरावरच्या कोठडीत होता. बावीस दिवसांनी मजुरांचं जहाज समुद्रातल्या बेटांकडे निघणार होतं. त्या बेटांवर गेलेला माणूस चिंतेवेत कुणी परत आलेला पाहिला नव्हता. योतामू इकडचा आहे, असा आईचा शपथेवरचा कागद पोचला, तरच तो सुटणार होता.

विंटर्टननं बायबल पुढं केलं. तिनं त्यावर हात ठेवला, पण तेवढ्यावर तिचं समाधान होईना. तिनं ते निळं कापड काढून टेबलावर ठेवलं.

"हे लिहा. याच्यात मी त्याला पाठीशी बांधून कसाव्याचे कंद खणलेत. डाव्या खांद्याजवळ चावायचा मेला. ही बघा, फाटलेली कड. हे पुस्तक त्याला ओळखत नाही. हे ओळखतं."

झेफानियानं कडेचंसुद्धा लिहिलं. मग पेन हातात धरून तो घुटमळला. "साहेब, मोठे साहेब येईपर्यंत थांबायचं का?"

"कधी येतील?"

"दाढेवर आहे."

विंटर्टननं न्यालोंग्वेकडे पाहिलं. "मग दाढेसाठी थांबायचं का?"

झेफानियालाही ते पटलं. त्यांच्या गावात मुखिया आजारी पडला की त्याचा गाईच्या शेपटीचा मानाचा गोंडा पुतण्या हातात घेतो. ज्याच्या हाती गोंडा, त्याचा शब्द. इथं खुर्ची होती, शिक्का होता. अजून काय हवं? विंटर्टननं सही केली, झेफानियानं फीत ओवली. दांडा माझ्यावर इतक्या जोरानं आला की सिंहाची आयाळसुद्धा स्पष्ट उठली. इतका सुंदर मी कधीच उमटलो नव्हतो.

न्यालोंग्वेनं माझ्यापुढं केळीच्या पानातले मासे ठेवले. "याच्यासाठी. यानंच केलं."

कागद बोटीनं गेला, मग आगगाडीनं. सोळाव्या दिवशी परत आला.

बंदरावरच्या अधिकाऱ्यानं त्याच्याजवळची यादी पाहिली होती. तो अधिकार खुर्चीचा नव्हता, शिक्क्याचाही नव्हता. राजपत्रात ज्या माणसाचं नाव छापलंय, त्याचाच होता. यादीत ब्लेकी होते, विंटर्टन नव्हता. कोपऱ्यात त्यानं लिहिलं होतं: शिक्का खरा, सही करणाऱ्याला अधिकार नाही.

त्याच दुपारी ब्लेकीसाहेब उतरले. त्यांनी टोपीही काढली नाही. नवा कागद, नवी सही, पुन्हा मी. बोटीवाल्यानं जेवणसुद्धा घेतलं नाही.

तो कागद बंदरावर पोचला, तेव्हा जहाज सुटून दोन दिवस झाले होते.

विंटर्टननं बदली मागून घेतली. झेफानियाला कुणी काही बोललं नाही, तरी तो महिनाभर माझ्याकडे पाठ करून बसायचा. मासे तिथंच वास मारत राहिले. शेवटी त्यानंच ते सरोवरात सोडले.

चौदा महिन्यांनी राजधानीहून एक कायदा आला. नाव न छापलेल्या अधिकाऱ्यांनी केलेले असे सगळे कागद पहिल्या दिवसापासून वैध मानावेत. झेफानिया तो घेऊन स्वतः न्यालोंग्वेच्या अंगणात गेला. परत येऊन तो ब्लेकीसाहेबांना सांगत होता, ते मी ऐकलं.

"ती म्हणाली, म्हणजे आता तो माझा मुलगा आहे?"

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, आजी, कायदा म्हणतो, तेव्हापासूनच होता."

"आणि?"

"तिनं मला नवरोबा म्हटलं नाही, साहेब."

योतामूची खबर आली नाही.

आता मी एका शाळेत आहे. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून मला टेकवून ठेवतात. मुलं वहीचं पान माझ्यात घालून दांडा दाबतात आणि सिंह बघून हसतात. हसा, मित्रांनो. मला तेल द्या, न द्या. पण पुढं तुमच्यापैकी कुणी टेबलामागच्या खुर्चीत बसेल आणि समोर कुणाची आई जमिनीवर बसलेली असेल, तेव्हा आधी आपले खण उघडून बघा.

विंटर्टनचं नाव राजपत्रात छापावं, असं विनंतीपत्र ब्लेकीसाहेबांनी दाढ सुजायच्या तीन आठवडे आधी लिहिलं होतं. ते टपालात गेलंच नव्हतं; माझ्याच टेबलाच्या डाव्या खणात पडून होतं.