चष्मेवाल्यांच्या घरचा शेकर

मित्रांनो, अंगभर पोचे पडलेला आणि झाकणातून गळणारा असा मी एक जुना शेकर आहे. बर्फ, लिंबू आणि दारू एकत्र हलवून कॉकटेल करायचे स्टीलचे भांडे, ते मी. आता फार थकलो आहे, म्हणून सावकाश सांगतो.

कारखान्यात मला पत्र्यातून दाबून काढले, घासून चकाकवले आणि दुकानातल्या काचेमागे ठेवले. तेथून मला चष्मेवाल्यांनी घरी आणले. गल्लीच्या तोंडाशी त्यांचे चष्म्यांचे दुकान होते, म्हणून सगळे त्यांना याच नावाने हाक मारत. बैठकीतले पुस्तकांचे एक कपाट रिकामे करून त्यांनी घरातला बार मांडला. वर बाटल्या, मध्ये पेले, खाली मी, चिमटा आणि मापाचे छोटे भांडे.

सुरुवातीला त्यांनी माझे हालच केले. सगळा कारभार अंदाजपंचे. बाटलीतला लिंबाचा रस, पाणी सुटलेला बर्फ. एकदा तर त्यांनी माझ्यात सोडा ओतून जोरात हलवला. झाकण उडाले ते थेट पंख्याला लागले, आणि त्यांच्या पत्नी हसता हसता जमिनीवरच बसल्या. पण माणूस चिकाटीचा. लिंबू आयत्या वेळी पिळायचे, साखरेचा पाक आधी करून गार ठेवायचा, बर्फ कडक आणि मोठ्या खड्यांचा घ्यायचा, माझ्या अंगावर दव धरेपर्यंत हलवायचे, हे ते हळूहळू शिकले. पाहुणे म्हणत, "वा! हॉटेलातसुद्धा असं मिळत नाही." मी फुगून जाई.

सर्वांत मोठ्याने वाहवा करायचा तो त्यांचा मेहुणा. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, म्हणून सगळे त्याला पेंटर म्हणत. तो आला की घर दणाणून जाई. "दाजी, अजून एक होऊन जाऊ द्या!" आणि दाजींच्या तोंडून नाही निघत नसे.

पुढे पेंटर सकाळीही प्यायला येऊ लागला. एकदा त्याने दाजींच्याच दुकानाची पाटी रंगवायला घेतली. हात इतका थरथरत होता की अक्षरे एकमेकांवर कलली. तो शिडीवरून उतरला आणि दुकानाच्या पायरीवर बसून हुंदके देऊ लागला. त्याच्या ताईने, म्हणजे चष्मेवाल्यांच्या पत्नीने, त्याला दारू सोडवण्याच्या उपचारांसाठी दवाखान्यात नेले. परत आल्यावर तिने सगळ्या बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या आणि मला ओल्या अंगानेच झाकण लावून माळ्यावर फेकले.

तेथे माझे झाकण अडकून बसले. आत कुबट वास साचला. चष्मेवाले अधूनमधून माळ्याचे दार उघडत, माझ्याकडे बघत आणि दार लावून घेत.

बऱ्याच काळाने पेंटर जेवायला आला. वाळलेला, अबोल. सगळे हळू आवाजात बोलत होते. ताईने त्याच्यापुढे सरबत ठेवले. त्याने पेला बाजूला सरकवला.

"ताई, मी आजारी आहे, कुक्कुलं बाळ नाही. जाईन तिथे बाटलीतलं सरबत, आणि मला बघून सगळे गप्प. दाजी, तुमचा शेकर कुठाय?"

"टाकून दिला," ताई ताडकन म्हणाली.

"माळ्यावर आहे," चष्मेवाले पुटपुटले.

"तुम्ही गप्प बसा हो! एवढं होऊनही पुन्हा तेच?"

"दारू नकोय गं मला," पेंटर म्हणाला. "पण मन लावून काहीतरी करून द्या. इतरांना देता तसं."

चष्मेवाल्यांनी मला खाली काढले. गरम पाण्यात बुडवून झाकण सोडवले, घासूनपुसून घेतले. आले किसून रस काढला. लिंबू, पाक, पुदिना, चिमूटभर मीठ. चमच्याने चाखले, मान हलवली, थोडा पाक वाढवला, पुन्हा चाखले. मग मला हलवायला घेतले. माझ्या झाकणातून रस गळून त्यांची बाही भिजली, तरी ते थांबले नाहीत. शेवटी पेल्यात गाळून वरून सोडा ओतला.

पेला पेंटरकडे जाण्याआधीच ताईने तो मध्ये धरला. नाकाशी नेऊन खोल हुंगला. भाऊ आपल्याकडे पाहतो आहे हे लक्षात येताच तिचा चेहरा उतरला.

"हुंग, ताई," पेंटर म्हणाला. "दर वेळी हुंग. मी रागावणार नाही."

तिने पेला त्याच्या हातात दिला. त्याने घोट घेतला, ठसकला आणि डोळे पुसत म्हणाला, "दाजी, आलं फार झालंय हो." हसावे की नाही कोणाला कळेना, मग सगळेच हसले.

तो अजून येतो. एखाद्या संध्याकाळी त्याला उशीर झाला की दोघे नवराबायको दाराकडे डोळे लावून बसतात. त्या वेळी मला माझे वय जाणवते.

मित्रांनो, आमच्यासारखी भांडी वापरलीत की धुऊन, कोरडी करून, झाकण उघडे ठेवा. आणि दारू सोडू पाहणारा कोणी तुमच्या घरी आला, तर त्याच्या पेल्यासाठीही तेवढेच कष्ट घ्या. तो पेला आधी हुंगावासा वाटला, तर त्याच्या देखत हुंगा; चोरून नको.